टॅनर्सचा सर्वकालीन कॅचर

३ जून २०१९, सोमवार
वाचनालयात समितीची पहिली बैठक. आमचा टॅनर्स बेसबॉल क्लब यंदा कायमचा बंद होतोय, मैदानावर गोदाम येणार. त्याआधी ऐंशी वर्षांतले सर्वोत्तम नऊ खेळाडू निवडायचे. जुना खेळाडू म्हणून मला घेतलं. अध्यक्ष डोरीन हॅच. बाई वाचनालय चालवते, बेसबॉलमधलं तिला काय कळणार? निश्चय: पूर्णपणे निःपक्षपाती राहायचं.
कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, विषय निघाला. माझीच जागा ती, म्हणून मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलो. माझं नाव कुणी घेतलं नाही. मी समोरच असल्यामुळे संकोच वाटला असणार.

५ जून
डोरीनने आयझेया प्रूइटचं नाव पुढे केलं. १९७१चा हंगाम, फटक्यांची सरासरी हजारी तीनशे बारा. म्हटलं, एका हंगामाचा माणूस सर्वकालीन कसा? मी सहा हंगाम खेळलो. सरासरी दोनशे चार, पण तेव्हा मैदानावरचे दिवे मंद होते. डोरीन म्हणाली, प्रूइटही त्याच दिव्यांखाली खेळायचा. बाईला नको तिथे तपशील लागतात.

९ जून, रविवार
रोझॅनला सहज विचारलं, सर्वोत्तम कॅचर कोण. बटाटे सोलता सोलता म्हणाली, प्रूइट. नवऱ्याचं नाव नाही सुचलं? तर म्हणे, "मी लग्न तुझ्याशी केलं, तुझ्या बॅटशी नाही." रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

१४ जून
एक नोंद, केवळ स्पष्टतेसाठी. ऑगस्ट ७१. मोठ्या संघाने आयझेयाला चाचणीला बोलावलं होतं. काळ्या माणसाला गावात तेव्हा कुणी खोली देत नसे, म्हणून तो नदीपलीकडे राहायचा. मॅनेजरने मला निरोप द्यायला सांगितलं: बस सकाळी सातला. मी नऊ सांगितलं. घाईत होतं असं. सातला जागा रिकामी राहिली, मॅनेजर म्हणाला, लिओ, तू चल. कुणीतरी जायलाच हवं होतं. तिथून मला दोन दिवसांत परत पाठवलं, म्हणजे फायदा कुणाचाच झाला नाही. आयझेयाला बेजबाबदार म्हणून काढून टाकलं. त्याबाबत मला कुणी काही विचारलं नाही.

२० जून
आयझेयाने स्वतःहून नाव मागे घेतलं तर समितीचा पेच सुटेल. म्हणून त्याच्याकडे गेलो. चाळीस वर्षं कातड्याच्या कारखान्यात काढली त्याने. आता मूत्रपिंडं गेलीत, आठवड्यातून तीनदा मशीनवर. मुलगी मार्विनाने दार उघडलं, लिंबू सरबत दिलं आणि कामावर गेली.
मी अर्धा तास सरासरी समजावली. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पावणेनऊला मी मैदानाच्या फाटकाशी बॅग घेऊन उभा होतो, लिओ. गवत कापणारा म्हणाला, बस केव्हाच गेली. तरी दुपारपर्यंत थांबलो. म्हटलं, काहीतरी घोळ झालाय, कुणीतरी सांगायला येईल."
मी म्हटलं, ऊन फार असेल.
तो म्हणाला, "अठ्ठेचाळीस वर्षं झाली. एकदा तरी म्हण ना."
काय म्हणायचं ते नेमकं कळेना. पुन्हा येतो म्हटलं.

२२ जून
पत्र लिहायचा निर्णय. तोंडी बोलण्यापेक्षा ते बरं. 'प्रिय आयझेया, १९७१ मध्ये जो गैरसमज झाला...' रोझॅनने वाचून विचारलं, "यात तू कुठे आहेस?" खाली सही होती, ती दाखवली. तिने कागद परत दिला. उद्या नव्याने लिहीन.

२४ जून
मजकूर जवळजवळ जमलाय. चांगला कागद हवा. या गावात चांगला कागद मिळत नाही. गुरुवारी मोठ्या बाजारात जाईन.

२७ जून, गुरुवार
डोरीनचा फोन. आयझेया मंगळवारी गेला.
कागद आणला नाही.
दुपारी बैठक. कॅचर म्हणून प्रूइट, एकमताने. सगळ्यात आधी हात मी वर केला. हे नोंदवून ठेवतो.

६ जुलै
त्या हंगामातले आम्ही दोघंच उरलो होतो, आता मी एकटा, म्हणून समारंभात त्याच्याबद्दल मी बोलावं असं ठरलं. निश्चय: सगळं सांगायचं. सात, नऊ, रिकामी जागा, सगळं. आरशासमोर तालीम केली. चार मिनिटं लागतात. रोझॅन दाराआड ऐकत होती. आत आली, माझी कॉलर नीट केली. असं तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

१३ जुलै, शनिवार
दोनेकशे लोक. माईक चांगला होता. सुरुवात सरासरीपासून केली. मग तो गुडघ्यांवर बसूनच दुसऱ्या बेसपर्यंत चेंडू कसा फेकायचा, ते सांगितलं. पहिल्या रांगेत मार्विना होती, काळा पोशाख, मांडीवर वडिलांचा फोटो. मग म्हटलं, आम्ही सख्ख्या भावांसारखे होतो.
टाळ्या पडल्या. रोझॅन उठून गाडीत जाऊन बसली.
मार्विनाने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाबा घरी बेसबॉलचं नावही काढायचे नाहीत. आज पहिल्यांदा कळलं, त्यांचं कुणी होतं. मग विचारलं, "काका, एवढं चांगलं खेळत होते, तर सोडलं का त्यांनी?"
मी म्हटलं, पाठ. पाठ दुखावली होती त्याची.
ती म्हणाली, "आम्हाला कधी जाणवू दिलं नाही."