पुन्हा पहिल्यापासून

निजामपुरा, भिवंडी
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय हबीबा आपास,

एजाजचा सलाम. अल्लाहच्या मेहेरबानीने आम्ही सगळे आहोत तसे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? विहिरीवर स्वतः जाऊ नकोस, शेजारच्या कुणाला तरी सांगत जा. उज्माची टाक्यांची जागा आता दुखत नाही. जिने चढते, भाकऱ्या करते, मला बोलतेही.

तू तिचा फोन घेतेस आणि माझा घेत नाहीस, म्हणून हे पत्र. आज जुम्मा, लूम बंद आहेत. गल्ली इतकी शांत आहे की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. किती वर्षांनी मराठीत एवढं लिहितोय. गावच्या शाळेत तू पाटीवर अक्षर काढून द्यायचीस आणि मी त्यावरून पेन्सिल फिरवायचो. त्यामुळे वळण तुझंच आहे, वाचायला जड जाणार नाही.

डिसेंबरात आपलं जे बोलणं झालं, ते राहू दे. आधी नबीलाचं सांगतो.

गेल्या महिन्यात मी तिला दुधाची पिशवी आणायला पाठवलं. समोरचंच दुकान, मी दारात उभा होतो. येताना ती रस्त्याच्या मध्यावर थांबली. पिशवी हातात, डोळे उघडे, तोंड माझ्याकडे. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि ओरडला, "ओ चाचा, बच्ची को सँभालो! खड़े खड़े सो रही है क्या?" मी धावत जाऊन तिला उचललं. तेवढ्यात ती हलली आणि म्हणाली, "अब्बा, मला उचललं का? मी येतेय ना चालत." रिक्षा तिला दिसलीच नव्हती.

त्यानंतर शाळेची वही उघडून पाहिली. बाईंनी तीनदा लिहिलं होतं, "वर्गात लक्ष नसते." तिन्ही ठिकाणी खाली माझी सही. सही करताना मी ते वाचलं होतं, आणि तिला रागावलोही होतो.

ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या हातात कागदाचा एक कपटा दिला. म्हणाले, "हा हलत राहील असं जोरजोरात फुंकत राहा, मी सांगेपर्यंत." ती हसत फुंकू लागली. दोनेक मिनिटांनी कपटा थांबला. पापण्या जराशा थरथरल्या, नजर भिंतीवर. डॉक्टर हळूच म्हणाले, "पेरू." मी मनात मोजत होतो. अकरापर्यंत आलो, तेव्हा ती पुन्हा फुंकू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "मी आत्ता कुठल्या फळाचं नाव घेतलं?" ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मी रागावणार.

आपा, ते बघणं मला सहन झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, हा फिटचाच एक प्रकार असू शकतो. यात पोर पडत नाही, फेस येत नाही, नुसतं काही क्षण हजर नसतं. नक्की काय ते डोक्याला तारा लावून तपासल्यावर कळेल. तेच निघालं तर औषध आहे, पुष्कळ मुलं बरी होतात. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?" उज्मा म्हणाली, "महिना झाला असेल." मी ते तसंच जाऊ दिलं.

महिना नव्हे. वर्ष होत आलं. मला माहीत होतं, कारण रोज मगरिबच्या नमाजनंतर तिचा कुराणाचा सबक मीच घेतो.

आयत म्हणता म्हणता ती मध्येच थांबायची. मला वाटायचं, विसरली, नाहीतर मन खेळात आहे. अब्बांनी आपल्याला शिकवताना जो नियम लावला तोच मी तिला लावला. अडलीस, तर पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणायची, "पण मी थांबले कुठे?" मला ते उलट उत्तर वाटायचं. एका संध्याकाळी चार वेळा पहिल्यापासून म्हणायला लावलं. ओळीवर ठेवायची काडी तिच्या बोटांवर मारली. पाचव्यांदा ती रडत रडत म्हणाली, आणि नेमकी तिथेच पुन्हा थांबली.

माझं काम तुला माहीत आहे. एका शेडमध्ये चोवीस लूम. इतक्या खडखडाटात एकाचा धागा तुटून तो बंद पडला, तर पाठमोरा असलो तरी मला कळतं. मालक चारचौघांत सांगतात, एजाजभाईंचे कान बघा. आणि माझ्यासमोर दीड हातावर बसलेलं लेकरू बंद पडत होतं, ते मला ऐकू आलं नाही.

तुला मात्र आलं. उज्माच्या ऑपरेशनला तू धावत आलीस, पंधरा दिवस माझ्या घरची चूल सांभाळलीस. भाजी निवडता निवडता तू म्हणालीस, "एजाज, पोर विसरत नाय रे. कुठेतरी जाते नि परत येते. डॉक्टरला दाखव." मी काडी खाली ठेवली आणि ते बोललो. इथवर लिहून पेन बाजूला ठेवलं होतं. असरची नमाज पढून आलो. लिहितो. मी म्हणालो, "ज्याच्या पोटी मूल नाही, त्याने मूल कसं वाढवायचं ते शिकवू नये."

भाजी निवडून झाल्यावर हात धुतलेस आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेलीस. ज्या बाईने मला बोट धरून वाढवलं, तिला मी हे म्हणालो.

इमामसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इलाज में देर मत करो. दुआ तो साथ-साथ चलती रहेगी." डॉक्टरांना मी परवा फोन करून खरं सांगितलं, वर्ष झालं म्हणून.

तपासणी येत्या गुरुवारी आहे. नबीला तारांना घाबरली आहे. सबकाला बसतच नाही, कुराण ठेवायची रिहल बघितली की आईच्या मागे लपते. काल मी तिला म्हटलं, "बेटा, आता थांबलीस तर थांब. परत आलीस की जिथे होतीस तिथूनच म्हण." तिने विचारलं, "पहिल्यापासून नाही?" मी नाही म्हटलं. तिला खरं वाटलं नाही. म्हणाली, "हबीबा फुफूसमोर सांगा."

म्हणून ये, असं लिहिणार होतो. पण तुला बोलवायचा हक्क मी घालवलाय, त्यामुळे फक्त गुरुवार कळवतो. पोरीला मी "थांबलीस तिथून पुढे जा" म्हणू शकतो. तुला तसं मला म्हणता येत नाही. तुझ्यापाशी मलाच पुन्हा पहिल्यापासून यावं लागेल, आणि तू जितक्या वेळा म्हणशील तितक्या वेळा येईन.

माफी मागणारा,
तुझ्या अक्षरावर अक्षर गिरवलेला
एजाज