मावशीचा हात

३ जून
पोचले एकदाची! वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, आरसा तर केवढा! संशोधन केंद्रातली ही नोकरी मावशीच्या वशिल्याची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. मावशीनेच लहानाचं मोठं केलं. तीही इथेच असते, डॉक्टर तिच्यावर वय उतरवायचा प्रयोग करताहेत. करार वाचायला बसले तर म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही का गं? केली सही डोळे झाकून.

४ जून
काम अगदीच किरकोळ. सकाळी दहा मिनिटं मावशीचा हात धरून बसायचं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा. हातमोजे नाहीत. मग तिच्या हाताच्या पाठीवर चिमटा काढायचा, कातडी किती सेकंदांत सपाट होते ते वहीत लिहायचं. आज सहा. माझी लगेच! डॉक्टर म्हणाले, शरीर रोज झिजतं, रोज स्वतःची डागडुजी करतं. ती मंदावली की म्हातारपण. मीच का, विचारलं. रक्ताचं माणूस लागतं, म्हणाले.

१९ जून
मावशीचे तीन सेकंद. भुवया काळ्या झाल्यात, जिना धडाधड चढते. धाप मला लागते, गुडघेही कुरकुरतात. चोविसाव्या वर्षी! आजकालच्या पोरी नाजूक, म्हणून ती हसली.

२७ जून
दात हलतोय. कंगव्यात पांढऱ्या केसांचा पुंजका. गंमत म्हणून स्वतःला चिमटा काढला. पाच सेकंद. मावशीची लगेच.

२ जुलै
कपाटात वीस वर्षांपूर्वीची वही सापडली. चिमटे मावशीचे, अक्षर आईचं, शेवटी शेवटी थरथरलेलं. आई तिशीत गेली, केस पांढरेशुभ्र. आजार होता, असं मावशी सांगायची, माझी वेणी घालता घालता. मला वाढवलं ते यासाठी! आणि हिला मी आईच्या जागी मानलं.

३ जुलै
करार काढला. अक्षरं दिसेनात. हात लांब करून, खिडकीपाशी जाऊन, तरी नाहीच. तिलाच द्यावा लागला. चष्म्याशिवाय खडाखडा वाचला तिने. थांबवता येतं, पण घेणाऱ्याने म्हटलं तरच. पाया पडले तिच्या. थोडेच दिवस राहिलेत, राजा, म्हणाली.

४ जुलै
कडी निघत नाही — बोटं वळत नाहीत —
जिन्यावर पावलं. तिचीच.
आली. हसतेय. हात पुढे केलाय — नाही देणार, मेले तरी — आणि जन्माच्या सवयीने माझा हात आपोआप —