घासलेली मोहोर

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (पत्रातूनच घालतो. समोर वाकलो असतो तर पाठीत धपाटा बसला असता. का, ते पुढे येईलच.) गुडघा कसा आहे? आणि रक्तदाब? तो मोजून घ्या, मगच पुढे वाचा. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्हालाही बोलता येतं.

तर तुमची अठराशे बासष्ट सालची सोन्याची मोहोर. मी जुन्या नाण्यांचा संग्राहक आहे असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो. संग्रहात भिंग आहे, मखमली डबी आहे, पांढरे हातमोजे आहेत, फक्त नाणं नाही. म्हणून प्रदर्शनासाठी तुमच्याकडून मागून आणली. आदल्या दिवशी बघतो तर मोहोर मळकट. मामांची वस्तू चारचौघांत अशी पारोशी कशी न्यायची? (अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बैलही मीच.) दंतमंजन घेतलं, जुना ब्रश घेतला, आणि स्वतःच्या दातांनाही कधी दिला नाही इतका वेळ तिला दिला.

प्रदर्शनातल्या परीक्षकांनी डबी उघडली आणि ‘घरात कोण गेलं?’ असं विचारावं तशा आवाजात विचारलं, “घासलीत?” जुनं नाणं कधी घासायचं नसतं म्हणे, तो मळ हीच त्याची अब्रू. मी अर्धा तिथेच मेलो. मग त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, “जिवाला लावून घेऊ नका. आत तांबं आहे. सोन्याचा मुलामा होता, तो तुम्ही उडवलात.” मामा, खरंच सांगतो, रडू आलं. मला बोटसुद्धा लावू न देता तुम्ही जपलेली वस्तू, आणि तिची लाज मी काढली. तुम्हाला फसवणाऱ्या चोराला सोडायचं नाही असं ठरवून घरी आलो.

तुमचा मूर्ख भाचा

ता. क. चोर सापडला. मामी. माझ्या लग्नात त्यांनी खरी मोहोर सोनाराकडे दिली आणि तुमच्या कपाटात ही ठेवली. “भाचेसून रिकाम्या कानांनी घरात यायची नाही, आणि हे काही मागितली तरी देणार नाहीत,” असं त्यांचं तेव्हाच ठरलं होतं. बावीस वर्षं सांगायचा धीर झाला नाही. काल फोनवर ‘आता तूच लिही बाबा’ म्हणाल्या. त्यांच्यावर ओरडू नका, एवढ्यासाठीच हे सगळं पत्र.

ता. ता. क. मोहोर परत मागायला येणार असाल, तर हिला कळल्यापासून ही दोन्ही कानांवर हात ठेवूनच घरात वावरते आहे. तुम्ही विचारलंत तर मीही तेच करीन.