बॉनेटवरचा डाग

नोव्हाय, रविवार, २८ सप्टेंबर १९८६

आज सासऱ्यांचं श्राद्ध. कावळ्याचा घास पेपर प्लेटमध्ये वाढून ड्राइव्हवेवर ठेवला. कितीतरी वेळ कोणी फिरकेना. अनिल खिडकीतून हलेना. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा त्याला इथून, अमेरिकेतून, पोहोचता आलं नाही, ते अजून सलतंय.

शेवटी कावळा आला, वडा उचलला आणि नव्या गाडीच्या बॉनेटवर शिटून उडाला. मी तरी प्लेट गाडीजवळ कशाला ठेवली? अनिल ऑफिसात गाड्यांचा पेंटच बघतो, त्याला एक ओरखडा खपत नाही!

ओरडला नाही. डागावर ओलं फडकं ठेवलं. "घासायचं नाही, भिजू द्यायचं." मग हलकेच टिपलं. तरी पुसट डाग उरलाच.

"पॉलिश करणार?"

"राहू दे गं. बाबा जेवून गेले."

मग जेवताना त्याने खीर दोनदा मागून घेतली. कावळ्या, फार उपकार झाले रे तुझे.