जिन्याखालची मिठी

ती. ताईस,

कागदावरूनच साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, प्रत्यक्षात वाकणं जमणार नाही). तुझे गुडघे आणि भावोजींचा स्वभाव, यांत काही सुधारणा? निदान गुडघ्यांवर तरी औषध आहे, ते वेळेवर घे.

तुम्ही दोघे भाऊ एकमेकांचं तोंड कधी पाहणार, असं तू सहा वर्षं दर फोनवर विचारत आलीस. पाहिलं. चार बोटांवरून, तासभर आणि भरपूर उजेडात पाहिलं.

झालं असं, की मला एका सिनेमाच्या सेटचं सुतारकाम मिळालं. सिनेमा कौटुंबिक आहे, म्हणजे सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. थोरला धाकट्याला घराबाहेर काढतो, धाकटा वीस वर्षांनी सूड उगवायला येतो आणि शेवटी दोघं जिन्याखाली गळ्यात पडून रडतात. तो जिना माझा. (बारा पायऱ्या, वर काहीच नाही. माणूस वर पोचला की प्लायवूडला टेकून तिथेच दुःख करत बसतो.) जिना बसवून खाली उतरलो, तर समोर दिव्यांच्या वायरी ओढत आपला धाकटा. तिथला इलेक्ट्रिशियन तोच. ज्याच्या वायरिंगने माझं वर्कशॉप जळालं, त्याच्याच वायरी ओलांडत आता मी काम करायचं. मी मान फिरवली, त्यानेही फिरवली. पुढे तीन दिवस आमचं बोलणं मेकअपवाल्या बाईंमार्फत चाललं. त्यांना सांगा, स्टूल हलवा. त्यांना सांगा, स्टूल त्यांच्या बापाचं नाही. (बाप एकच आहे, हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं.)

चौथ्या दिवशी माफीचा सीन. नट दोघे अजून मेकअपला बसलेले (रडायचं असलं की जास्त वेळ लागतो म्हणे), आणि उजेड लावून बघायला कॅमेरामनला त्यांच्याच उंचीची दोन माणसं हवी होती. त्याने नेमकं आम्हाला जिन्याखाली उभं केलं आणि म्हणाला, मिठी मारा, हलू नका. मी म्हटलं, मी सुतार आहे. तो म्हणाला, "मग? सुतारांना हात नसतात?"

ताई, सहा वर्षं जपलेला राग सांभाळत सख्ख्या भावाला पन्नास मिनिटं मिठी मारून उभं राहणं सोपं नाही. आधी आम्ही वीतभर अंतर ठेवलं होतं. कॅमेरामन ओरडला, कपाट उचलताय का, जवळ या. गेलो. धाकट्याचं पोट सुटलंय, कानामागचे केस पिकलेत. हे मला कोणी कळवलं नव्हतं. विसेक मिनिटांनी तो माझ्या खांद्यात पुटपुटला, "दादा, वायर माझीच खराब होती असं धर, आणि सोड आता."

मी मोठ्या मनाने म्हटलं, "जा, केलं माफ." (डोळ्यांत पाणी आलं ते दिव्यांमुळे.)

मग खरे नट आले. त्यांच्या मिठीचे अकरा टेक झाले आणि दिग्दर्शक दर वेळी म्हणे, खरं वाटत नाही. आम्ही आठव्या पायरीवर बसून एकाच डब्यातून जेवत होतो. हसू ऐकू येतं म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

आता तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या नव्या वर्कशॉपचं वायरिंग करतो. मी त्याला माफ केल्याची हकिकत भेटेल त्याला सांगतो. लोक माझ्या मोठेपणाचं कौतुक करतात. बायको करत नाही, पण तिने कधीच केलेलं नाही.

तुझा,
मधला

ता. क. : भावोजींना सांग, त्या सिनेमाला जाऊ नका. त्यात आम्ही नाही.

ता. क. २ : पत्र खरं तर यासाठी. आग लागली त्या संध्याकाळी लाकूड चिकटवायचा सरस तापवायची इलेक्ट्रिक शेगडी मी चालूच ठेवून घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी राखेत सापडली, बटण चालूवरच. हे धाकट्याला तू सांगशील का? तुझं तो ऐकतो. शक्यतो मी गावाला गेलेला असताना सांग.

ता. क. ३ : सांगू नकोस. आत्ताच त्याने काम दाखवायला नेलं होतं. शेगडीच्या प्लगवर त्याने एक बटण बसवलंय, अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारं. बाकी कशालाच नाही, फक्त शेगडीला. मी काही विचारलं नाही. त्याने चहा मागितला.