पडद्याची मागची बाजू

८ डिसेंबर, रविवार
भिकू शेलार यांनी खालचे खाचर देण्याचे मान्य केले. भात कापून झाले आहे, वाल यंदा पेरलेला नाही. अट एकच : बांध फुटता कामा नये. म्हणाले, "अण्णा, समदा मोबाईलवर दिसतो. थंडीत शेतात पिच्चर बघाया कोन येल?" मी सांगितले की ज्येष्ठ नागरिक संघाचा तसा ठराव आहे. हे खरे आहे. ठरावाचा मसुदा मीच केला, सूचक मीच शोधला, अनुमोदकाला घरी जाऊन मीच समजावले, हेही खरे आहे.
कारण मात्र ठरावात नाही. मुलीच्या, मीनलच्या, बाळंतपणासाठी सौ. डोंबिवलीस गेली ती तीन महिन्यांकरिता. तो नातू, आरव, आता पहिलीत आहे. सौ. गणपतीत दोन दिवस येते, डबे उघडून पाहते, मुंग्या झाल्या म्हणून मला बोलते आणि परत जाते.

११ डिसेंबर, बुधवार
मुंबईच्या वितरकाचे उत्तर आले. चित्रपट मिळेल, प्रमाणपत्रासह. मला दुसरा कोणताही नको होता.
याच खाचरात फिरत्या टॉकीजचा तंबू लागे. कापणीनंतर महिनाभर. मी नुकताच तहसीलमध्ये कारकून म्हणून रुजू झालो होतो; समोर खुर्ची मिळाली होती. सौ. (तेव्हा सौ. नव्हे) मावशीबरोबर पडद्यामागे. कापड पातळ, वर पाणी मारलेले. चित्र आरपार दिसे, फक्त उलटे. लग्नानंतर वर्षभराने ती एकदा म्हणाली, "त्या सिनेमातला नायक डावरा होता." मी म्हणालो, नव्हता. वाद दोन दिवस चालला, तेव्हा उमगले की एकाच खेळाला आम्ही दोघे होतो. मध्ये एक कापड. इतकी वर्षे ही आठवण मी
लिहिणे नको.

१६ डिसेंबर, सोमवार
अर्ज दाखल. सोबत अकरा कागद : जागामालकाची संमती, नकाशा, वाहनतळ, वीज, ध्वनिक्षेपक वगैरे. एकेकाळी असे अर्ज मी टेबलाच्या पलीकडे बसून तपासत असे. खिडकीवर श्रीमती मोरे आहेत, वयाने मीनलएवढ्या. म्हणाल्या, "अण्णा, इतका स्वच्छ अर्ज मी पाहिला नाही." उगाच बरे वाटले.
पोलीस ठाण्याचे पत्र मिळाले. 'सदर कार्यक्रमास आमची हरकत नाहीये.' नाहीये! शासकीय पत्रात! दुरुस्त करून परत देण्याचा मोह आवरला.
तारीख मागितली : रविवार, १९ जानेवारी. त्या आठवड्यात मीनलच्या सासूबाई डोंबिवलीस येणार आहेत, म्हणजे आरवला पाहणारे कोणी तरी असेल. सौ.ला दुसरा रविवार मोकळा नाही.

२२ डिसेंबर, रविवार
महाडहून साजिद आला. लग्नात मोठे पडदे लावतो. त्याला एलईडीचा पडदा लावायचा होता. मी विचारले, मागून दिसेल का?
"मागून कशाला, अण्णा? मागून फक्त आचारी बघतात."
त्याला कापडी पडदा आणि प्रोजेक्टर यांवर राजी करण्यात एक तास गेला. कापडावर पाणी मारायचे आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जसे पाहिले, तसे हल्ली पुष्कळ लोक पाहतात.
नकाशात मी आसने दोन्ही बाजूंना दाखवली आहेत. समोर दोनशे, मागे साठ. मागच्या पहिल्या ओळीत डावीकडून तिसरी खुर्ची सौ.ची. ही नोंद नकाशात नाही. मी नेहमीप्रमाणे समोर बसेन.

२६ डिसेंबर, गुरुवार
दुपारी ४.१० ला फोन. आरव शिकवणीस जातो, तेवढी दहा मिनिटे तिची. सकाळपासून सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवतो : गॅस बदलला, वरच्या आळीतली तिची मैत्रीण आजारी, तुळस. फोन आला की कागद सापडत नाही. आज फक्त सिनेमाविषयी बोललो. कोणता, ते सांगितले. ती हसली. "डावऱ्याचा?" म्हणाली.
शाल आणू की स्वेटर, असेही विचारले. म्हणजे येणार.

२ जानेवारी, गुरुवार
जागेची पाहणी. अग्निसुरक्षेचे अधिकारी, तरुण, नम्र. समोरची बाजू पसंत. वाहनतळ पसंत, औद्योगिक वसाहतीतले कामगार पाळी सुटल्यावर मोटारसायकलींनी येतील, त्यांच्यासाठी बांधालगत जागा सोडली, तेही पसंत. मागच्या साठ आसनांवर मात्र काट मारली. पडद्यामागे जनरेटर आणि वायरी असणार. तेथे प्रेक्षक नकोत.
त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, हे मला तेव्हाच कळले होते. येथे लिहून ठेवतो.

४ जानेवारी, शनिवार
हरकतीवर निवेदन लिहिले. तीन पाने, नऊ मुद्दे. जनरेटर पूर्वेस आंब्याखाली हलवावा, वायरी जमिनीखालून न्याव्यात, मागे स्वतंत्र बाहेर जाण्याची वाट ठेवावी. मुद्दा सातवा विशेष साधला आहे. असे गद्य निवृत्तीनंतर प्रथमच लिहिले.
सौ.ने विचारले, परवानगी झाली का? मी म्हणालो, एक तांत्रिक बाब आहे.

९ जानेवारी, गुरुवार
श्रीमती मोरे यांनी आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, मागच्या ओळी काढून टाकल्या तर उद्या सही होते. मी नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे, असे सांगितले.
"कसलं तत्त्व, अण्णा?"
चहा पिऊन निघालो. पाठीमागे कोणी तरी "अण्णा हट्टाला पेटलेत" म्हणाले. ऐकू आले नाही, असे दाखवले.

१५ जानेवारी, बुधवार
निवेदन विचारार्थ स्वीकारले. फेरपाहणी २१ तारखेस.
म्हणजे १९ गेली.
४.१० ला सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "बरं." तिचे 'बरं' मी ओळखतो. पिशवी भरून झालेली असणार. पुढे ती आरवच्या खोकल्याविषयी बोलली आणि मी हं हं करत राहिलो.

१९ जानेवारी, रविवार
सायंकाळी खाचरात जाऊन आलो. कशासाठी, ठाऊक नाही. भिकू बांधावर होते. "आज व्हता ना वो पिच्चर?" होता, म्हणालो. त्यांनी शेजारी जागा करून दिली. नदीच्या पैलतीरावर घाटाच्या रस्त्याने महाबळेश्वरच्या गाड्या चढत होत्या. भिकूंचा मुलगा आणि सून भांडुपला असतात. घरधनीणही तिकडेच, नातवंडांपाशी. मला हे माहीत होते. पण आजवर कधी विचारले नव्हते. ते आपणहून म्हणाले, "भाकरी मीच थापतो आता. गोल नाय व्हत."
माझीही होत नाही. सांगितले नाही.

२० जानेवारी, सोमवार
आजचे संभाषण जसेच्या तसे लिहिण्याचा प्रयत्न करतो.
तिने विचारले, एवढे अडले कुठे? मी सगळे सांगितले. मागची साठ आसने, जनरेटर, आंबा, मुद्दा सातवा, तिसरी खुर्चीसुद्धा. मला वाटले, ती
तिने तिकडे दार लावून घेतले. मग :
"अहो, मागं कुणी हौसेनं बसतं का? मावशीकडे पुढच्या तिकिटाचे पैसे नसायचे. मी तिथं चार सिनेमे पाहिले, एकाचंही नाव मला वाचता आलं नाही. सगळी अक्षरं उलटी. आजूबाजूच्या पोरी मला विचारायच्या, तू शाळेत जातेस ना, वाच की. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."
मी म्हणालो, हे तू कधी सांगितले नाहीस.
"तुम्ही ती गोष्ट इतक्या आनंदानं सांगायचात सगळ्यांना. पाहुण्यांपुढे मी कशाला मोडता घालू?"
मग म्हणाली की गणपतीत त्यांच्या सोसायटीतही पडदा लावतात. तिथल्या बायका तिच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवतात. हे ती सहज बोलली. तिथे तिची खुर्ची आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता.
दहा मिनिटे संपली.

२१ जानेवारी, मंगळवार
फेरपाहणी. अधिकारी येण्यापूर्वीच लाल शाईने नकाशावरील मागच्या पाच ओळी खोडल्या. पट्टीने, सरळ. खाली सही केली.
ते नकाशाकडे बघत राहिले. म्हणाले, "काका, मी तर आज मान्य करायला आलो होतो. तुमचा सातवा मुद्दा बिनतोड आहे."
मी आभार मानले आणि मागची बाजू रिकामी ठेवण्याची अट कायम ठेवा, अशी विनंती केली. सोबत आलेल्या श्रीमती मोरे यांनी उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर सारखा करण्याच्या निमित्ताने हसू लपवले. लपवू द्यावे. मीही त्यांच्या जागी तेच केले असते.
साजिदला कळवले : एलईडी लाव. कापड नको.

२९ जानेवारी, बुधवार
तारीख उलटल्यामुळे अर्ज नव्याने. मीनलच्या सासूबाई परत गेल्या. मार्चमध्ये शिमगा आणि आरवची परीक्षा. एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी लागते तेव्हा तिला क्षणाची उसंत नसते. राहिला फेब्रुवारी.
पंचांग, संघाचे वेळापत्रक, साजिदने घेतलेल्या लग्नांच्या सुपाऱ्या, सर्व समोर घेऊन बसलो. दोन रविवार निघाले. पैकी एक लिहिणार होतो. पेन उचलले आणि लक्षात आले की मागची तारीखही मीच ठरवली होती, आणि तिने मीनलचे सारे घर त्या तारखेभोवती हलवले होते. लग्नाची तारीखही तिला कोणी विचारली नव्हती.
तो रकाना सोडून बाकीचा अर्ज लिहून पूर्ण केला.

५ फेब्रुवारी, बुधवार
अर्ज दिला. श्रीमती मोरे यांनी चाळला आणि थांबल्या.
"अण्णा, तारीख राहिली."
राहिली नाही, ठेवली आहे, असे म्हणालो. घरून यायची आहे. अपुरा अर्ज स्वीकारता येत नाही, हे मला ठाऊक होते. तो नियम मी इतरांना इतकी वर्षे ऐकवला आहे. त्यांनी तो नियम मला ऐकवला नाही. अर्ज शिक्का न मारता बाजूला ठेवला, वर चष्म्याची पेटी ठेवली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत येथेच राहील, म्हणाल्या. पुढे त्यांना परत करावा लागेल.
दुपारी सौ.ला सांगितले की तारीख तू ठरव. कोणतीही. नसेल जमत तर तसेही सांग.
"मी ठरवायची?" ती म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणी तरी आजी आजी करत होते. मग : "मुलांचं बघून सांगते." आणि फोन ठेवता ठेवता, "समोर ना, नक्की?"
नक्की, म्हणालो.
मध्ये उद्याचा दिवस आहे, आणि शुक्रवारचा.