'निर्धार'ला होडी हवी

३ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. जबाबदार नाविकाने रोजची नोंद ठेवायची असते. निवृत्त झालो त्याच आठवड्यात 'निर्धार' ही शिडाची बोट घेतली. तेव्हापासून ती खाडीत नांगरून आहे. लोक विचारतात, कधी नेणार? घाई करणारे बुडतात. विम्याच्या कचेरीत बुडालेल्यांचे क्लेम तपासण्यात अख्खी नोकरी गेली, मला नका शिकवू.

पण आता प्रसंग आलाय. हिची मोठी बहीण समोरच्या बेटावर एकटी राहते. निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून त्यांच्या माघारी आम्ही त्यांना हेडबाई म्हणतो. घरातच पाय घसरून पडल्या, पायाला प्लास्टर. फेरीबोट दुरुस्तीला गेलीय, महिनाअखेरीपर्यंत यायची नाही. ही म्हणाली, कोळ्यांच्या होडीतून जाते. मी म्हटलं, घरची बोट असताना लोकांच्या होडीतून? वीस तारखेला आपल्या बोटीने जाऊ. ही म्हणाली, उद्या का नाही?

बायकांना तांत्रिक गोष्टी समजावणं अवघड. बेटाजवळ पाणी उथळ, 'निर्धार' किनाऱ्याला लागत नाही. उतरायला छोटी होडी हवी, म्हणजे डिंगी. आणि वेळ आली तर तीच लाइफबोट. एका दगडात दोन पक्षी. मात्र निवड चोख हवी.

ही म्हणाली, ठीक आहे. पण वीसला निघालो नाही, तर माझी मी जाईन.
घोडामैदान जवळच आहे.

५ सप्टेंबर
रबरी डिंगी पाहिली. हवा भरायची, हलकी, गादीसारखी मऊ. दुकानदार म्हणाला, हत्ती बसला तरी बुडणार नाही. मी म्हटलं, हत्तीचं सोडा, खिळ्याचं बोला. तो म्हणाला, खिळा मारून बघा. विक्रेत्यांची भाषा ओळखून आहे मी. किल्ली काढून मारली.
डिंगी विकत घ्यावी लागली. ठिगळ फुकट दिलं.

६ सप्टेंबर
आमच्या बोट क्लबच्या होडीतून 'निर्धार'वर गेलो. जाताना मधोमध बसून दोन्ही कडा धरल्या होत्या. होडीचा तोल अभ्यासायची ती पद्धत आहे. डिंगी बांधायला डेकवर कड्या हव्यात. ड्रिलने भोकं पाडली. सुरेख काम. ठिगळ नीट चिकटलं की कड्या बसवेन.

८ सप्टेंबर
रबरी बाद. सकाळी पाहिलं तर दिवाणखान्यात निपचित पडलेली. लाइफबोट माणसाच्या आधी दमता कामा नये.
ही रोज भल्या सकाळी मैत्रिणीकडे जाते आणि ओले केस घेऊन येते. विचारलं तर म्हणाली, तिच्याकडे गरम पाणी चांगलं येतं. आल्यावर अंडीही दोन जास्त खाते. काळजीने भूक वाढते म्हणतात.

१० सप्टेंबर
घडीची डिंगी! सुटकेससारखी मिटते, पलंगाखाली मावते. रबरी परत देऊन ही आणली. दुकानदार हात जोडून म्हणाला, हिला तरी किल्ली लावू नका.
हिच्या कड्यांची जागा वेगळी आहे. परत 'निर्धार'वर, परत ड्रिल. पहिली भोकं नंतर बुजवू. मोठं काम हाती असताना बारीकसारीक बघत बसलं की तारखा चुकतात.

१२ सप्टेंबर, दुपार
दिवाणखान्यात सराव. आणीबाणी असं समजून डिंगी उघडायला घेतली. अर्धी उघडली आणि मिटली. आत मी. ही चहा पीत होती, तो संपवून मग सोडवायला आली. म्हणाली, अहो, बोट बुडायच्या आधीच उघडून ठेवावी लागेल हो.
उजव्या अंगठ्याला पट्टी. अक्षर त्यामुळे असं.

१५ सप्टेंबर
पाऊस. सलग तिसरा दिवस. घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. दुर्बीण घेऊन खिडकीशी. बेट एवढं जवळ आहे की हेडबाईंच्या दोरीवरचे कपडे दिसतात. भिजतायत. काढायला कोणी नाही.

संध्याकाळी हिचं त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. दोन्ही हातांत कुबड्या, त्यामुळे कप उचलून नेता येत नाही. हेडबाई ओट्याशीच उभ्या राहून चहा पितात. हे सांगताना ही रडली. मलाही गलबलून आलं. लगेच लाकडी डिंग्यांचा कॅटलॉग काढला. ही उठून आत गेली.

१६ सप्टेंबर
निवड झाली. लाकडी, भक्कम, दोन वल्ही. ना हवा, ना घडी. आधीच का सुचलं नाही? कारण नीट निवड अशीच होते. पावसाची उघडीप साधून 'निर्धार'वर जाऊन तिसरी भोकं पाडली. डेक थोडा चाळणीसारखा दिसतो, पण रंगाचा हात मारला की कळणारही नाही.

१७ सप्टेंबर
क्लबच्या सेक्रेटरीबाईंचा मेसेज: तुमची बोट पाण्यात खाली बसलेली दिसतेय, येऊन बघा. उत्तर पाठवलं: सामान वाढवलंय, त्यामुळे बोट स्थिर झाली आहे. या बाई पूर्वी वाचनालयात होत्या.
पाऊस चालूच.

१८ सप्टेंबर
सेक्रेटरीबाईंचा पुन्हा मेसेज. वाचला नाही. ऐन निघायच्या तोंडावर मन विचलित होऊ देऊ नये.

१९ सप्टेंबर
डिंगी आली. धक्क्याच्या पायऱ्यांशी उथळ पाण्यात सराव. होडी गोल गोल फिरत राहिली. खाडीत भोवरे असावेत, नकाशात दाखवलेले नाहीत. मग ही सहज म्हणून बसली आणि सरळ गेली, सरळ आली. तोवर भोवरे शमले होते.
उद्या निघणार. शब्द म्हणजे शब्द.

२० सप्टेंबर, संध्याकाळ. बेटावर, हेडबाईंच्या घरी
घडलं तसं लिहितो.

सकाळी लाइफजॅकेट घालून डिंगीने 'निर्धार'कडे गेलो. वल्ही हिच्याकडे, कारण मला दिशा बघायची होती. मी बोटीवर चढलो. ही डिंगीतच थांबली. डेक नेहमीपेक्षा जवळ वाटला, चढायला सोपा. केबिनचं दार उघडलं तर आतल्या गाद्या तरंगत होत्या. पाणी गुडघ्याला. इतक्या दिवसांचा पाऊस माझ्या भोकांतून आत उतरला होता. पाणी उपसायच्या पंपाची बॅटरी कधीच पाण्याखाली गेलेली.

हे मला कळेपर्यंत मी चढल्याच्या वजनाने बोट एका बाजूला कलली आणि त्या बाजूने खाडी आत यायला लागली. मी शिडाचा खांब धरला. ओरडलो असेन. लोक म्हणतात बुडत्याला काडीचा आधार. माझ्याकडे चांगली निवडलेली होडी होती, पण ती दोन हात लांब आणि मला खांब सोडवेना.

हिने होडी बोटीला अगदी टेकवली आणि म्हणाली, अहो, माझ्याकडे बघा. पाण्याकडे नको. पाय इथे टाका. खाली बसा. मधोमध. हलू नका.
मी बसलो. हललो नाही.

'निर्धार' सावकाश खाली गेली आणि चिखलात टेकली. नुसता खांब वर राहिला. हिने होडीचं तोंड बेटाकडे वळवलं. मी म्हटलं, एवढ्याशा होडीतून? ती म्हणाली, मग कशातून?

अर्ध्या वाटेवर मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, बोट घेतलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी पोहायला नाव घातलं. वल्हवायचंही तिथेच शिकवतात. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही हौसेने बोट आणलीत, पोहता तुम्हाला येत नाही. तुम्हाला एकट्याला कसं सोडणार होते मी पाण्यात?


इथे आल्यावर हिने दोरीवरचे ओले कपडे काढले, चहा केला. कप मी उचलून नेला. हेडबाईंनी खुर्चीत बसून चहा घेतला, किती दिवसांनी. डोळे मिटून घेतला.

मग त्यांनी विचारलं, वल्हवलं कोणी? मी म्हटलं, आम्ही दोघांनी. ही कप दोन्ही हातांत धरून बसली होती. तळव्यांना फोड आलेत, एक फुटलाय. ते मी आत्ताच पाहिले. मग म्हटलं, नाही, हिने. एकटीने.

हेडबाई म्हणाल्या, माहितीये. खिडकीतून सगळं दिसत होतं.